संशोधनाचा प्रस्ताव रुग्णाच्या नजरेतून कसा वाचावा : पब्लिक रिव्ह्यूअरचं काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये मधुमेह, संधिवात किंवा स्मृतिभ्रंशावर संशोधन करायला एखादं विद्यापीठ सरकारी निधी मागतं, तेव्हा तो अर्ज फक्त डॉक्टर आणि प्राध्यापक वाचत नाहीत. तो आजार रोज सोसणारी आणि घरातल्या आजारी माणसाचं करणारी साधी माणसंही वाचतात. त्यावर लेखी मत देतात. पुष्कळदा पैसे द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीतही बसतात. त्यांना पब्लिक रिव्ह्यूअर म्हणतात. मी नऊ वर्षं हे काम करते आहे. मला सतरा वर्षांपासून मधुमेह आहे, घरी सासूबाईंचे गुडघे झिजलेले आहेत, आणि माझं शिक्षण बी.कॉम. या कामाला एवढी पात्रता पुरते.

आमच्या मराठी मंडळात मी हे सांगते तेव्हा समोरून ठरलेलं वाक्य येतं : "डॉक्टरांना आपण काय सांगणार?" इंग्रजी जमतं, वाचायला वेळही काढता येतो, पण ही भीड सुटत नाही. भीड भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची. या कामात त्या म्हणीचा अर्थ अगदी शब्दशः लागतो. आपण गप्प बसलो तर पैसा दुसऱ्याच प्रश्नांवर खर्च होतो आणि आपल्या आजाराच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

हे सुरू कुठून झालं

१९९१ मध्ये अमेरिकेत स्तनांच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या संघटनांनी एकत्र येऊन आघाडी उभारली. त्यांच्या रेट्यामुळे पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, या आजारावरच्या संशोधनासाठी २१ कोटी डॉलर मंजूर केले. हे पैसे संरक्षण खात्यामार्फत वाटले गेले. १९९५ पासून त्या प्रस्तावांची छाननी करणाऱ्या मंडळांवर रुग्ण बसू लागल्या, आणि त्यांच्या मताला शास्त्रज्ञांच्या मताइतकंच वजन मिळालं. ब्रिटनमध्ये १९९६ साली आरोग्य खात्याने राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संशोधनात लोकांचा सहभाग कसा असावा यासाठी एक सल्लागार गट नेमला. त्याचंच पुढे 'इन्व्हॉल्व्ह' झालं. २००६ मध्ये एनआयएचआर ही आरोग्य-संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था स्थापन झाली आणि प्रस्तावांच्या छाननीत रुग्ण असणं तिथे रूढ झालं.

'इन्व्हॉल्व्ह'ने केलेली व्याख्या मराठीत फार नेमकी उतरते, कारण आपल्याकडे त्यासाठी शब्दयोगी अव्ययं तयारच आहेत. संशोधन लोकांवर, लोकांविषयी किंवा लोकांसाठी होत असेल तर तो लोकसहभाग नाही. ते लोकांबरोबर किंवा लोकांकडून होत असेल तर आहे. औषधाच्या चाचणीत तुमचं रक्त घेतलं तर तुम्ही त्या चाचणीतले सहभागी झालात. ती चाचणी कशी व्हावी, मुळात व्हावी का, हे ठरवताना तुम्ही तिथे असलात तर तो हा सहभाग. नव्या माणसाचा इथे नेहमी गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगितलं.

एवढा आटापिटा कशासाठी, याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण आमवाताचं आहे. आमवातावरच्या चाचण्यांत काय मोजावं हे ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. डॉक्टर वर्षानुवर्षं सुजलेले सांधे मोजत होते, दुखणं मोजत होते, रक्तातली सूज मोजत होते. २००२ च्या परिषदेत त्यांनी पहिल्यांदा रुग्णांना बोलावलं. रुग्ण म्हणाले, हे सगळं बरोबर, पण थकव्याचं काय? सकाळी उठल्यापासून अंगात जो दगड बसलेला असतो, तो तुमच्या तक्त्यात कुठेच नाही. पुढच्या काही वर्षांतच आमवाताच्या चाचण्यांत थकवाही मोजावा अशी शिफारस त्या गटाने केली. तिथे बसलेल्या रुग्णांना शरीरशास्त्र कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांना फक्त विचारलं गेलं, आणि त्यांनी भीड न बाळगता सांगितलं.

शिरायचं कुठून

तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल तर एनआयएचआरच्या संकेतस्थळावर अशा संधींच्या जाहिराती येतात. अल्झायमर्स सोसायटी, पार्किन्सन्स यूके यांसारख्या धर्मादाय संस्थाही आपल्या प्रस्तावांवर रुग्ण आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांची मतं घेतात. नव्या माणसाने तिथून सुरुवात केली तर बरं पडतं, कारण तिथे शिकवायला माणसं असतात आणि बरोबरीचे स्वयंसेवकही भेटतात. अमेरिकेत असाल तर २०१० च्या आरोग्य कायद्याने स्थापन झालेली, संशोधनाला निधी देणारी पीकोरी ही संस्था आहे. तिच्या छाननी मंडळांवर शास्त्रज्ञांच्या शेजारी रुग्ण बसतात.

अर्ज करताना नोकरीच्या अर्जासारखा बायोडेटा पाठवू नका. त्यांना तुमच्या पदव्या नको असतात. कोणता आजार, किती वर्षं, कोणते उपचार घेतले, काय सोडून दिलं आणि का, कुणाची काळजी घेता, हे लिहा. मी लिहिलं होतं की इन्सुलिन सुरू करायला मी दोन वर्षं टाळाटाळ केली, कारण सुई म्हणजे शेवट असं आमच्या घरात मानत. निवड झाल्यावर कळलं, त्या एका वाक्यामुळे माझा अर्ज बाजूला काढला होता.

पैशांचंही स्पष्ट बोलू या, आपल्याकडे ते बोलायला लाजतात. एनआयएचआर अशा कामाला तासाला साधारण २५ पौंड, अर्ध्या दिवसाला ७५ आणि पूर्ण दिवसाला १५० असा मोबदला देत आलं आहे. शिवाय प्रवासखर्च मिळतो. घरी मूल किंवा आजारी माणूस सांभाळायला कुणी ठेवावं लागलं तर तोही खर्च मागता येतो. पैसे नको असतील तर नाही म्हणता येतं. मात्र सरकारी भत्ता घेत असाल तर हा मोबदला स्वीकारण्याआधी त्याचा भत्त्यावर काय परिणाम होतो हे संबंधित कार्यालयातून लेखी विचारून घ्या. नंतर निस्तरत बसणं फार त्रासाचं होतं. धर्मादाय संस्थांचं काम बहुधा विनामोबदला असतं, ते आधी विचारा.

हो म्हणण्याआधी

ईमेल येतो : अमुक विषयावरचा प्रस्ताव आहे, अमुक तारखेपर्यंत मत द्याल का? लगेच हो म्हणू नका. अर्जदारांची नावं बघा. त्यात तुमचा स्वतःचा डॉक्टर आहे का? मुलगा-सून त्या विद्यापीठात कामाला आहेत का? तसं असेल तर कळवा. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही, लपवणं चूक आहे.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. प्रस्ताव म्हणजे कुणाची तरी न छापलेली कल्पना. ती मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायची नाही, मैत्रिणीला दाखवायची नाही, घरच्यांनाही सांगायची नाही. हल्ली यात आणखी एक भर पडली आहे. इंग्रजी जड गेलं की आपला हात सहज भाषांतराच्या अॅपकडे किंवा एआयकडे जातो. प्रस्तावातला मजकूर तिथे चिकटवायचा नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या निधीसंस्थांनी छाननीत असं करायला मनाई केली आहे. एखादा सुटा शब्द शब्दकोशात बघा, अख्खा परिच्छेद बाहेर पाठवू नका. अडलं तर संस्थेच्या संपर्काच्या माणसाला फोन करा, ते त्याच कामासाठी असतात.

त्याच माणसाकडून सुरुवातीलाच दोन गोष्टी मागून घ्या : छापील प्रत आणि आधी कुणीतरी भरलेला नमुना फॉर्म. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ऐंशी पानं वाचून डोळे आणि मान दोन्ही जातात. पहिल्या प्रस्तावाला चार-पाच तास लागतील असं धरून चला. मी अजूनही तीन तासांच्या खाली येत नाही.

वाचायचं कसं

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचायला गेलात तर बाराव्या पानावर धीर सुटेल. सुरुवात सोप्या भाषेतल्या सारांशापासून करा. अर्जात तो असतोच आणि तो आपल्यासाठीच लिहिलेला असतो. मी तो एकदा मोठ्याने वाचते. मग कागद पालथा घालते आणि स्वयंपाकघरात एकटीच, स्वतःशी, मराठीत सांगून बघते : हे लोक कुणाला घेणार, त्यांच्यावर काय करणार, कशाशी ताडून बघणार, काय मोजणार आणि मला त्याचं उत्तर कधी मिळणार? जिथे अडखळते तिथे सारांशात काहीतरी राहून गेलेलं असतं. मराठीत सांगण्याचा फायदा असा की इंग्रजी शब्द पोपटासारखे पुन्हा म्हणता येत नाहीत. "रँडमाइज करणार" असं म्हणून पुढे सरकता येत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं, कुणाला नवा उपचार आणि कुणाला जुना, हे कॉम्प्युटर ठरवणार, असं सांगावंच लागतं.

यानंतर प्रस्तावात शिरायचं, पण शोधायच्या गोष्टी ठरवून.

प्रश्न महत्त्वाचा आहे का? कुणासाठी? २००० साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गुडघ्यांच्या झिजेवरच्या संशोधनाचा एक अभ्यास आला होता. झालेल्या संशोधनात औषधांचाच मोठा भरणा होता. रुग्णांना विचारलं तेव्हा त्यांना हवी होती गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेविषयी आणि स्वतः काय करावं याविषयी उत्तरं. सासूबाईंचे गुडघे बघत मी तो अभ्यास वाचला तेव्हा नवल वाटलं नाही. जिना उतरायचा कसा, जमिनीवर बसून पूजा करायची की सोडायची, हे त्यांचे प्रश्न. कितवी गोळी घ्यायची हा नाही.

कुणाला घेणार आणि कुणाला वगळणार? हा भाग बारीक अक्षरात, कलमवार असतो. इथे सर्वांत जास्त वेळ द्या. एका प्रस्तावात, तपशील बदलून सांगते, वजन कमी करून मधुमेह आटोक्यात आणण्याची योजना होती. सहभागी होण्यासाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, किमान ३० हवा, अशी अट. माझा स्वतःचा तेव्हा २७.८ होता आणि औषधं चार. दक्षिण आशियाई लोकांना मधुमेहाचा धोका गोऱ्या लोकांच्या दोन ते चार पट, आणि तोही कमी वजनावर. म्हणूनच उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने आपल्या लोकांसाठी २३ आणि २७.५ हे आकडे सांगितले आहेत. २३ पासून धोका वाढलेला आणि २७.५ पासून जास्त धोका. अर्जाच्या पहिल्या पानावर दक्षिण आशियाई समाजात आजार किती बळावतो आहे ते लिहिलेलं, आणि अकराव्या पानावरच्या अटीने त्याच समाजातले कितीतरी लोक बाहेर. मी तेवढं लिहिलं. छाननी मंडळावर प्राध्यापक होते, ते माझ्यापेक्षा हजारपट जाणणारे होते. पण नर्सने वजनकाट्यावर उभं करून "तुमच्यासाठी आकडा वेगळा आहे हं" असं त्यांच्यातल्या कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

याच कलमांत वयाची वरची मर्यादा बघा, "इंग्रजी समजणे आवश्यक" ही ओळ बघा, स्मार्टफोन लागतो का बघा. दुभाष्याचा खर्च खर्चाच्या पानावर नसेल तर "सर्व समाजांतील लोकांना सामावून घेऊ" या वाक्याला अर्थ राहत नाही.

सहभागी माणसाला काय काय करावं लागणार? इथे कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडा. दीड वर्षात ११ फेऱ्या आहेत असं धरू. बसने जाऊन-येऊन दोन तास, तिथे तीन तास. एका फेरीचे पाच, म्हणजे एकूण ५५ तास. आठ तासांचा दिवस धरला तर जवळजवळ सात दिवसांची रजा. वेअरहाउसमध्ये पाळीवर काम करणारा माणूस ती कुठून आणणार? त्यात उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल आणि वेळ दुपारी बाराची असेल, तर इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचं काय? आहाराची डायरी भरायची असेल तर तिच्यातली यादी वाचा. मी वाचलेल्या एका डायरीत पाव स्लाइसमध्ये आणि भात कपात होता. ज्वारीची भाकरी कुठेच नव्हती आणि वरणाच्या वाटीला माप नव्हतं. संकष्टीला दिवसभर काही न खाता रात्री चंद्र बघून जेवणाऱ्या बाईने ती डायरी भरायची कशी? संशोधकांनी हे मुद्दाम केलेलं नसतं. त्यांच्या स्वयंपाकघरात वाटी नसते, एवढंच.

काय मोजणार? मधुमेहाच्या प्रस्तावांत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, मोजतातच. ती मोजावीच. पण मला रात्री दोनला घाम फुटून जाग येते, साखर उतरलेली असते आणि मग सकाळपर्यंत झोप लागत नाही, हे त्या सरासरीत दिसत नाही. उलट सरासरी छान दिसते. तुमच्या आजारात तुम्हाला ज्याने सर्वांत जास्त छळलंय ते मोजण्याच्या यादीत आहे का, बघा.

शेवटी लोकसहभागाची योजना आणि तिच्यासाठी ठेवलेले पैसे शेजारी-शेजारी ठेवून वाचा. माझी बी.कॉम. पदवी कामाला येते ती इथे. अर्जात लिहिलेलं असतं, दोन रुग्ण सल्लागार, तीन वर्षांत सहा बैठका. खर्चाच्या पानावर ५०० पौंड. दोघांच्या मिळून बारा उपस्थिती, प्रत्येकी अर्धा दिवस, ७५ पौंडांप्रमाणे ९०० होतात, प्रवास वेगळाच. म्हणजे एकतर बैठका होणार नाहीत, नाहीतर माणसं फुकट राबवणार. हा हिशोब मांडून दाखवला की बैठकीत त्यावर कुणी वाद घालत नाही. सल्लागारांना कधी विचारलं तेही बघा. अर्ज लिहून झाल्यावर आठवडाभर आधी दोन रुग्णांना दाखवला असेल, तर ती नुसती सही घेण्यापुरती गोष्ट झाली.

संख्याशास्त्र, नमुना किती मोठा हवा, रसायनाचं सूत्र, हे सोडून द्या. ते बघणारी माणसं मंडळावर आहेत.

लिहायचं कसं

माझ्या पहिल्या प्रस्तावावर मी चार ओळी लिहिल्या होत्या. विषय महत्त्वाचा आहे, संशोधक अनुभवी आहेत, समाजाला उपयोग होईल, शुभेच्छा. दोन दिवसांनी संस्थेतल्या बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "या चाचणीत तुम्ही स्वतः भाग घ्याल का?" मी पटकन म्हणाले, "छे, नाही जमणार." का? म्हटलं, सहा आठवडे बोटाला दिवसातून सात वेळा टोचायचं आहे, मी शाळेच्या ऑफिसात काउंटरवर बसते, दर वेळी उठून कुठे जाऊ? त्या म्हणाल्या, "हेच लिहा. मला जसं सांगितलंत तसंच."

तेव्हापासून वाचून झालं की मी स्वतःला तो प्रश्न विचारते : मी भाग घेईन का? आईला घेऊ देईन का? उत्तराच्या मागे जो 'का' असतो, तो लिहायचा.

लिहिताना मत चार गोष्टींनी भरीव होतं. कुठे दिसलं, ते मला का खटकलं, तसंच राहिलं तर संशोधनाचं काय होईल आणि काय केलं तर सुटेल. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि नेमकी तीच मंडळाला हवी असते. "टोचणं त्रासदायक आहे" ही तक्रार झाली. हेच असं लिहा : "पान १४ वर सहा आठवडे रोज सात वेळा रक्तातली साखर तपासायची अट आहे. मी काउंटरवर काम करते. कामाच्या वेळेतल्या तीन तपासण्या मला जमणार नाहीत. माझ्यासारखे लोक एकतर नाव देणार नाहीत किंवा दुसऱ्या आठवड्यात सोडतील आणि शेवटी निवृत्त किंवा घरी असणाऱ्यांचीच माहिती उरेल. दंडावर लावायच्या सेन्सरचा विचार झाला आहे का? नसेल तर का नाही, हे लिहावं." यातलं एकही वाक्य वैज्ञानिक नाही, तरी संशोधनाचं उत्तर चुकेल कसं हे त्यात आलं.

स्वतःच्या अनुभवाला त्याच्या मापातच ठेवा. "आपल्या समाजात बायका असं करत नाहीत" असं ठोकून देऊ नका. मी साताऱ्याची, इंग्लंडात आलेली, नोकरी करणारी. बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या किंवा पंजाबी ट्रक-ड्रायव्हरच्या घरातल्या बाईचं मी काय सांगणार? "माझ्या बाबतीत असं झालं, ओळखीतल्या तिघींनी हेच सांगितलं, संशोधकांनी इतर समाजांतल्या लोकांना विचारलं आहे का?" असं लिहिलं की खरंही राहतं आणि कामालाही येतं.

चांगलं वाटलं तेही नेमकं लिहा. संध्याकाळच्या वेळा ठेवल्या आहेत, निकाल सहभागींना त्यांच्या भाषेत कळवायची सोय आहे, असं काही दिसलं तर पानाच्या क्रमांकासह. मंडळाला तुलना करायची असते, नुसत्या तक्रारींवरून ती होत नाही. आणि इंग्रजी शुद्ध असायची गरज नाही. माझी क्रियापदं आजही चुकतात, त्यावरून कुणी कधी काही बोललं नाही.

बैठकीत बसताना

वर्षा-दोन वर्षांनी मंडळावर बोलावतील. टेबलाभोवती किंवा पडद्यावर पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाच्या नावापुढे अक्षरांची रांग. मी प्रत्येक प्रस्तावासाठी एक कार्ड करते आणि त्यावर तीनच मुद्दे लिहिते, सर्वांत जड मुद्दा वर. बोलायची पाळी येईपर्यंत तीनांपैकी एक कुणीतरी बोलून झालेला असतो. तो पुन्हा बोलायचा नाही, "मी सहमत आहे" म्हणून पुढचा घ्यायचा.

कळलं नाही तर तिथल्या तिथे विचारा. मी विचारते तेव्हा शेजारचा डॉक्टरही पेन उचलतो, कारण दुसऱ्या शाखेतला शब्द त्यालाही माहीत नसतो. अध्यक्षांना आधीच सांगून ठेवा की चर्चा फार आकड्यांत शिरली की मी हात वर करीन. स्वतःची कहाणी सांगायची तर एका मिनिटात, आणि तिचा प्रस्तावाशी धागा जोडून. विषय जिव्हारी लागणारा असेल, नुकतंच घरात कुणी गेलं असेल, तर तो प्रस्ताव नाकारायची मुभा असते. मी एकदा नाकारला आहे. कुणी कारण विचारलं नाही.

कधी असंही होतं की तुमचे मुद्दे ऐकून घेतले जातात आणि कागदावर उतरत नाहीत. एका ठिकाणी माझ्या बाबतीत तसं झालं होतं. त्यानंतर मी दर बैठकीअखेर एकच गोष्ट विचारते : अर्जदाराला जाणाऱ्या पत्रात हा मुद्दा जाणार आहे का? त्या प्रश्नानंतर तो बहुधा जातो.

महाराष्ट्रात असाल तर

भारतात संशोधनाचा निधी ठरवताना रुग्णांना विचारायची पद्धत अजून रुळलेली नाही. पण एक खुर्ची कायद्यानेच तुमच्यासाठी ठेवली आहे, एथिक्स कमिटीतली, म्हणजे माणसांवरचं संशोधन योग्य रीतीने होणार ना हे तपासणाऱ्या समितीतली. २०१९ च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे या समितीत किमान सात सदस्य हवेत. त्यांतले किमान निम्मे संस्थेबाहेरचे, आणि एक तरी सामान्य नागरिक, ज्याला ले पर्सन म्हणतात. गणसंख्येसाठी जे पाच जण हजर असावे लागतात त्यांत हा सदस्य येतो. म्हणजे तुम्ही नसाल तर औषधाच्या चाचणीचा निर्णय होऊ शकत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही व्यक्ती साक्षर असावी, गेल्या पाच वर्षांत वैद्यकीय पेशात नसावी, आणि तिला स्थानिक भाषा आणि लोकांच्या चालीरीती माहीत असाव्यात. निवृत्त शिक्षिका, बचत गटाची अध्यक्ष, पोस्टमास्तर, कुणीही चालेल. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीच्या सचिवांना पत्र लिहून जागा आहे का विचारा.

फरक एवढा की समितीकडे प्रस्ताव येतो तोवर विषय बहुधा ठरलेला असतो. तरी वर सांगितलेले प्रश्न तसेच्या तसे लागू पडतात. आणि विषय कोण ठरवतं याने काय फरक पडतो, हे दाखवणारं काम महाराष्ट्रातच झालेलं आहे. ग्रामीण बाईच्या आरोग्यावरचं संशोधन बहुतेक बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाभोवती फिरत होतं, त्या काळात राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्क्यांना कुठलं ना कुठलं स्त्रीरोग होतं, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ते 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या बायका हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढत होत्या.

ले पर्सनच्या हाती सर्वांत जास्त काय असतं, तर मराठी संमतीपत्र. त्याचं भाषांतर तपासणं ही तुमची जबाबदारी म्हणूनच लिहिलेली आहे. "सदर अभ्यासात सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने वाटप करण्यात येईल" असं त्यात असेल तर ते मराठी आहे म्हणून सोडू नका. "तुम्हाला नवं औषध मिळेल की सध्याचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवेल. तुमचे डॉक्टर ते बदलू शकत नाहीत," असं लिहून मागा. "सहभाग ऐच्छिक आहे" याच्या जागी "नाही म्हणालात तरी इथले तुमचे उपचार थांबणार नाहीत" हे हवं. पेशंटच्या मनातली भीती तीच असते.

माझी मावसबहीण, निवृत्त शिक्षिका, अशाच एका समितीवर आहे. तिने एकच आग्रह धरला : संमतीपत्र मंजूर करण्याआधी बैठकीत मोठ्याने वाचायचं. पहिल्यांदा सात पानं वाचायला तिला बावीस मिनिटं लागली. चौथ्या पानावर अध्यक्षांनी तिला थांबवून विचारलं, हे एवढं पेशंटला वाचून दाखवतं कोण? उत्तर कुणाकडे नव्हतं. पुढच्या बैठकीला तोच फॉर्म तीन पानांचा होऊन आला, आणि कोण वाचून दाखवणार त्याचं पद वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं.